आरोपीची वकील

"आरोपी... माफ करा साहेब, आरोपीचे वकील."

सरकारी वकील असं म्हणाला आणि अख्खं कोर्ट हसलं. पट्टेवाला हसला. टायपिस्ट हसली. न्यायाधीशसाहेबांनी मान खाली घातली, पण खांदे हलून राहिले होते. समोर काळ्या कोटात माझे बाबा उभे. मी मागच्या बाकावर. नववीची परीक्षा संपली म्हणून त्यांनी हौसेनं मला कोर्ट दाखवायला आणलं होतं. दाखवलं बापा. चांगलंच दाखवलं.

गोंदिया जिल्हा तेव्हा नुकताच झाला होता. बाबा देवरीकडच्या जंगलातल्या पोरांच्या केसेस चालवायचे. नक्षलवादी म्हणून पोलिसांनी उचललेली पोरं. कोणी भात वाढला म्हणून, कोणी रस्ता दाखवला म्हणून, कोणी नुसताच घरी सापडला म्हणून. त्यांना दुसरा वकील मिळायचा नाही.

कोर्टात एक रीत आहे. समोरच्या वकिलाचा उल्लेख 'माझे विद्वान मित्र' असा करतात. कालच सनद मिळालेल्या पोरालाही म्हणतात. खोट्या साक्षीदारांवर बंगला बांधणाऱ्यालाही म्हणतात. त्या दिवशी मी कान देऊन ऐकलं. सगळे विद्वान, सगळे मित्र. माझे बाबा तेवढे 'आरोपीचे वकील'.

कुडव्याला घरी परतताना स्कूटरवर मी विचारलं, "बाबा, तो तुमाले विद्वान मित्र काऊन नाही म्हणत?"

"मी त्याचा मित्र नाही म्हणून," बाबा म्हणाले. "आन् विद्वान म्हणाचं त्याच्या जिवावर येते. आपल्या वस्तीतला माणूस विद्वान कसा होईन?"

ते हसले. मला हसू आलं नाही.

कोर्टातलं ते हसणं पुढं शाळेतही आलं. सव्वीस जानेवारीला संविधानाची उद्देशिका म्हणायला माझी निवड झाली होती. आमच्या घरात ती अ-आ-इ-ईसोबतच पाठ होते. आदल्या दिवशी सरांनी दुसऱ्याच पोरीचं नाव लावलं. मी विचारलं, तर सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "अपने बाप को बोल, पहले वो तो देश को माने।" आणि पुन्हा तेच हसणं.

आमचे लोक तरी वेगळे होते का? विहारात म्हणायचे, "वकीलसाहेब, आपल्या लोकाइच्या केसा का कमी आहेत? त्या जंगलातल्याइच्या मागं कायले लागता?" बाबा म्हणायचे, "उद्या तुमाले उचललं, तं लोक हेच इचारतीन." मग कोणी वाद घालायचं नाही. पण आमच्या घरीही कोणी यायचं नाही.

बाबा काही देव नव्हते. तापट होते. दादाच्या दहावीच्या निकालाच्या दिवशी ते कोणाला तरी भेटायला जेलात गेले होते. दादानं ते शेवटपर्यंत धरून ठेवलं. एका केसमध्ये दवनीवाड्याचा पोलीस शिपाई मेला होता. त्याची बायको कोर्टाच्या पायरीवर बाबांच्या अंगावर थुंकली. दादा घरी येऊन ओरडला, "तो पोरगा खरंच खुनी असन तं?"

बाबा मोरीत शर्ट धुऊन राहिले होते. म्हणाले, "असन. पण त्याले फासावर चढवाच्या आधी कोणीतरी इचाराले पाहिजे ना, का बा, तू केलं का?"

दादा नागपूरला गेला, तो गेलाच.

मी वकील झाले. वर्षही झालं नसेल, बाबा देवरीच्या बसस्टँडवर बसल्या बसल्या गेले. सुकलूच्या गावाहून परत येत होते. सुकलू म्हणजे त्यांची शेवटची केस. जेलात होता, सोमवारी त्याची तारीख होती.

शुक्रवारी वकिलांच्या बाररूममध्ये शोकसभा झाली. त्याच बाररूममध्ये, जिथं बाबा बाकावर बसले की बाक रिकामा व्हायचा. आता त्यांच्या फोटोला झेंडूचा हार. आणि बोलायला तोच सरकारी वकील. केस पांढरे झालेले.

"माझे विद्वान मित्र आज आपल्यात नाहीत."

इतकी वर्षं ते दोन शब्द त्याच्या तोंडून निघाले नाहीत. माणूस जळून राख झाला, तेव्हा निघाले.

"काही खटले त्यांनी भावनेच्या भरात घेतले," तो पुढं म्हणाला. "माणूस भोळा. लोकांनी त्यांचा वापर करून घेतला."

भोळा! ज्या माणसानं यांच्या उलटतपासणीच्या चिंध्या केल्या, तो भोळा. ज्याची यांना भीती वाटायची, तो भोळा. शी!

सभा संपत आली तसा तो माझ्याजवळ आला. डोक्यावर हात ठेवला. अत्तराचा वास भपकन नाकात गेला.

"बेटा, माझ्याकडे ज्युनिअर म्हणून ये. ती देवरीची भानगड सोडून दे. बापाची चूक तू कशाला निस्तरतेस?"

बाबा गेले म्हणून नागपूरहून आलेल्या दादानं माझा दंड दाबला. "हो म्हण. जलमभर याच कोर्टात राहाचं आहे तुले."

दारात सुकलूची आई उभी होती. पहाटेच्या बसनं आली होती. तिला कोणी आत बोलावलं नव्हतं. पदराला गाठ मारून टेंभरं, तेंदूची पिकली फळं, आणली होती, बाबांना आवडायची म्हणून. तिनं मला एवढंच विचारलं, "बाई, आता कोन उभं राहीन?"

मी उठले. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"जित्तेपणी तुम्ही बाबाले कधी विद्वान मित्र म्हटलं नाही. आता म्हणू नका. ते भोळे नव्हते. ते आरोपीचे वकील होते. तेच म्हणा."

कोणी हसलं नाही. मी फोटो खाली उतरवला. हार काढून तिथंच टेबलावर ठेवला आणि फोटो घेऊन सुकलूच्या आईसोबत बाहेर पडले. घरी जाऊन आधी डोक्यावरून पाणी घेतलं. साबण लावून लावून तो अत्तराचा वास काढला.

सोमवारी सुकलूचा पुकारा झाला. मी पुढं गेले. सरकारी वकील माझ्याकडं बघून गालात हसला आणि न्यायाधीशांना म्हणाला, "माझ्या विद्वान मित्र आज पहिल्यांदाच..."

"हरकत आहे," मी म्हणाले.

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "कशाला हरकत?"

"मी यांची मित्र नाही, साहेब. मी आरोपीची वकील."

सुकलू सुटेल का, मला माहीत नाही. त्यानं काय केलं, काय नाही, तेही अजून कोर्टासमोर यायचं आहे. पण त्याला विचारल्याशिवाय कोणी त्याला दोषी ठरवू शकणार नाही. मी उभी आहे. बसणार नाही.