जर्दाळूच्या फुलांवर बर्फ

त्या मार्चमध्ये मी देवाशी बोलणं सोडून दिलं होतं. लहानपणापासून दत्तगुरूंचं नाव घेतल्याशिवाय मी चहाचा घोट घेतला नाही. नोकरीसाठी ओमानला आल्यावरही अल खौदच्या फ्लॅटमध्ये आधी देव मांडले आणि मग सामान लावलं. पण लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी, नाना उपचार करून झालेली आमची मुलगी आठवडाभरसुद्धा राहिली नाही. तिला परक्या मातीत ठेवून आलो आणि माझ्या ओठांवरचं नाव आपोआप थांबलं.

माझी बायको सुजाता रडली नाही. दवाखान्यातून घरी आली आणि तिचं बोलणं कमी होत होत बंदच झालं. जेव म्हटलं की जेवायची, झोप म्हटलं की पडून राहायची. पुण्याहून तिच्या आईचा फोन आला की तो कानाला लावून नुसती बसायची. दूध येत होतं तोवर ती दिवसातून कितीदा तरी बाथरूममध्ये जायची आणि नळ सोडून ठेवायची. दाराबाहेर उभा राहून मी तो आवाज ऐकायचो. आत जायचा धीर मला कधीच झाला नाही.

डॉक्टर म्हणाले, हवापालट करा. म्हणून एका सकाळी तिला घेऊन मी जबल अख्दरच्या डोंगरावर निघालो. खालच्या निझवा शहरापर्यंत गाडीत एसी लावावा लागत होता. पायथ्याच्या चौकीवर पोलिसाने आमची गाडी फोर-व्हील ड्राइव्ह असल्याची खात्री केली आणि वर बोट दाखवून म्हणाला, "मतर, मतर." पाऊस येणार, एवढंच मला कळलं. पावसाचं काय एवढं, असं म्हणून मी घाट चढलो.

वर पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत जर्दाळू फुलला होता. सुजाताने तिकडे पाहिलंही नाही. दुपारी अचानक अंधारून आलं. आधी टपोऱ्या गारा गाडीच्या पत्र्यावर आदळल्या आणि त्यांच्यामागून भुरभुर बर्फ सुरू झालं. थंडीत त्या डोंगरावर कधीमधी बर्फ पडतं म्हणतात, पण उन्हाळा तोंडावर आलेला असताना असं काही होईल हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. काच पांढरी झाली तसा मी गाडी कडेला घेतली आणि पुसायला खाली उतरलो. पुसून वळतो तर सुजाताच्या बाजूचं दार उघडं. आत ती नव्हती.

त्या डोंगराला कडे आहेत. ती कशासाठी उतरली असेल हे मला एका क्षणात कळलं. मी धावलो, घसरलो, पुन्हा उठलो. चार हातांपलीकडचं दिसत नव्हतं. "सुजाता! अगं सुजाता!" हाका मारून घसा बसला. शेवटी मी गुडघ्यांवर बसलो आणि इतके दिवस ज्याच्याशी अबोला धरला होता त्याला म्हणालो, "हिला नेऊ नकोस. नेणारच असशील तर मलाही ने." त्यात भक्ती नव्हती. सगळं संपल्याची नुसती खात्री होती.

तेवढ्यात एका पिकअपचे दिवे दिसले. काच खाली झाली आणि कोणीतरी ओरडलं, "ओ भाऊ! मराठीत हाका मारताय म्हणून थांबलो. काय झालं?"

"बायको... बायको गेली माझी."

"चालत गेली ना? मग लांब नाय जायची. बसा आधी गाडीत."

ते दाऊदभाई, मूळचे रत्नागिरीचे. निझवात त्यांचं दुकान होतं आणि वरच्या गावाला ते किराणा पोचवायचे. त्यांनी सरळ पहिल्या घरापाशी गाडी नेली.

सुजाता तिथेच होती. घोंगडीत गुंडाळून शेगडीपाशी बसली होती आणि तिच्या मांडीवर शेळीचं नुकतं जन्मलेलं करडू होतं. घरातली म्हातारी शेळ्या गोळा करायला बाहेर पडली असताना तिला ही कड्याकडे चालताना दिसली. म्हातारीच्या दोन्ही काखांत करडं होती. तिने त्यातलं एक करडू सुजाताच्या हातात दिलं आणि घराकडे मान हलवली. सुजाता तिच्यामागून आली.

रस्ता बंद झाला होता, म्हणून आम्ही तिथेच राहिलो. रात्री मी दाऊदभाईंना मुलीबद्दल सांगितलं आणि त्यांनी म्हातारीला. करडाची आई गारांत मेली होती. सुजाता बोट दुधात बुडवून त्याच्या तोंडात देत राहिली. पण ते फार अशक्त होतं. उजाडताना तिच्या मांडीवरच गेलं.

मग सुजाताने हंबरडा फोडला. मी धावलो, तर दाऊदभाईंनी माझा हात धरला. "रडू द्या, भाऊ."

म्हातारीने तिला पोटाशी धरलं होतं. ती पुटपुटत होती ते दाऊदभाईंनी मला सांगितलं, "म्हणते, माझीही दोन मुलं अशीच गेली. देणारा तो, नेणारा तो. पण रडायला त्याने मनाई केलेली नाही."

बाहेर आलो तर लख्ख ऊन पडलं होतं. बर्फ भराभर वितळत होतं आणि शेतांच्या दगडी पाटांतून पाणी खळाळत होतं. उबदार वारं सुटलं होतं, पण जर्दाळूची फुलं काळवंडून झाडाखाली चिखलात पडली होती. वर्षाचं पीक गेलं होतं. म्हातारीने झाडांकडे पाहिलं, "अल्हम्दुलिल्ला" म्हणाली आणि खराटा घेऊन अंगण झाडायला लागली. देवाचे आभार मानणाऱ्या त्या शब्दात आनंद नव्हता. तक्रारही नव्हती.

मी करडासाठी खड्डा खणत होतो. मागून आवाज आला, "थोडं खोल खण. कुत्री उकरतील."

कित्येक आठवड्यांनी ऐकलेलं सुजाताचं ते पहिलं वाक्य. मी फावडं टाकून तिथेच रडत बसलो.

आमचं दुःख सरलेलं नाही. घरात मूल नाही आणि आता होईल असंही नाही. काही दिवस सुजाता पुन्हा गप्प होते. मुलगी का नेली, हे देवाने मला सांगितलं नाही आणि मीही विचारायचं सोडलं. पण त्या बर्फात माझी हाक ऐकायला त्याने रत्नागिरीचा माणूस धाडला आणि तिच्या रित्या हातांत काहीतरी ठेवायला एक म्हातारी. एवढं मला पुरतं. जे समजत नाही ते त्याच्या पायाशी ठेवून निजायला मी शिकतो आहे.

त्या दिवशी घाट उतरताना सुजाताने मुलीचं नाव सांगितलं. तिने मनातल्या मनात ठेवलं होतं, कोणालाच सांगितलं नव्हतं. मी ते एकदा मोठ्याने उच्चारलं. तिने मान हलवली आणि गाडीची काच खाली केली. उन्हाची ऊब आत आली.