नावाड्याचं परसों

ओल्या दोराचा वास आला की मला हुसेनसागर आठवतो. हैदराबाद राज्याची वाटणी झाली आणि वडिलांची बदली मुंबई राज्यात झाली. गौलीगुड्यातलं घर आवरून आम्ही पार थकलो होतो, तरी जायच्या आधी तलाव एकदा बघू म्हणून वडिलांनी आमच्यापुरती एक नाव ठरवली. म्हातारा नावाडी वल्हवता वल्हवता काठावरची एकेक जागा दाखवत होता. विचारायचं त्राण कुणातच नव्हतं. एका बंगल्याकडे हात करून तो म्हणाला, "यां परसोंइच नवाब साब की दावत हुई थी, सरकार." सामान बांधायला परभणीहून आलेली आत्या वैतागली, "परवा? अरे, छत बसलंय, भिंतीत पिंपळ वाढलाय!" वडिलांनी मिटलेले डोळेसुद्धा उघडले नाहीत. "अगं, हैदराबादेत होऊन गेलेलं सगळं परवाच असतं," एवढंच ते म्हणाले. नावाडी वल्हवत पुढची जागा दाखवू लागला. आता माझेही केस पिकलेत. हैदराबाद कधी सोडलंत, असं कुणी विचारलं की वर्षं मोजायचा कंटाळा येतो. मी सांगतो, परवाच.