पिवळं गवत आणि सप्टेंबरचा फोटो

मी साइटवर पोचले तेव्हा जेसीबी परत निघाला होता. तीन वर्षांचं गवत मातीसकट ट्रकमध्ये भरून झालं होतं.

हडपसरच्या पुढे ही बंद पडलेली दगडखाण. शेजारी आयटी कंपनी आली आणि खाण तिच्या आवारात गेली. तिथं मूळचं गवत परत आणायचं, हे माझं काम. मी वनस्पतिशास्त्राची. उजाड जमिनी सावरण्यावर माझं पोट चालतं.

खाणीत माती नावालाच. तिथं आधी घुसतात ती गाजरगवत आणि सुबाभूळ. गाजरगवत फुलायच्या आत उपटायचं. सुबाभूळ रोप असतानाच मुळासकट काढायची, नुसती तोडली तर दुप्पट जोमानं फुटते. हे सगळं शेजारच्या गावातल्या हिराबाई आणि त्यांच्यासोबतच्या बायकांनी केलं. पवन्या या इथल्या मूळच्या गवताचं बीसुद्धा त्यांनीच गावच्या गायरानातून ओटी भरभरून आणलं. तिसऱ्या पावसाळ्यात ते गुडघ्याएवढं झालं. मी त्यात फतकल मारून बसले होते, खोटं कशाला सांगू.

पण हे गवत दिवाळीनंतर पिवळं पडतं. वर नुसत्या काड्या, खाली मुळं जिवंत. पाऊस पडला की पुन्हा फुटतं.

एप्रिलमध्ये परदेशातले क्लायंट येणार होते. आवार सांभाळणाऱ्या फॅसिलिटी मॅनेजरनं हुकूम सोडला, वाळकं काढा, हिरवं ठेवा. हिरवं काय होतं? कुंपणालगत आमची काढायची राहिलेली सुबाभूळ. ती ठेवली.

"अहो, ते मेलेलं नव्हतं," मी मॅनेजरना म्हणाले.

"मॅडम, हा फोटो आपणच दाखवला होता ना?" त्यांनी फाइल उघडली. माझ्या आधीच्या एका कामाचा सप्टेंबरचा फोटो, हिरवागार. "यात पिवळं कुठं दिसतंय?"

नव्हतंच. त्या जागेचे उन्हाळ्यातले फोटो मी घरीच ठेवले होते. ते दाखवले असते तर काम मिळालं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी गेटकडे वळले.

हिराबाई गेटपाशी बसल्या होत्या. "म्या सांगितलं जेसीबीवाल्यास्नी, वाळल्यालं हाय, मेल्यालं न्हाय. म्हणले, मावशी, बाजूला व्हा."

"पुन्हा पेरू, हिराबाई. बी आणाल ना?"

त्यांनी कुंपणापलीकडे बोट दाखवलं. गायरानावर कंपनीचं पार्किंग झालं होतं. "कुठनं आणू, बाई?" मला त्यांच्याकडे बघवेना.

जुलैत मॅनेजरांचा फोन आला. "मॅडम, उगाच चिडलात. तुमचं गवत आलं की परत. फर्स्ट क्लास."

मूर्खासारखी धावत गेले. कंबरभर गाजरगवत माजलं होतं, पांढरं फुललेलं. हिराबाई कडेला हात बांधून उभ्या होत्या.

"उपटत का नाही?" मी विचारलं.

"साहेब म्हणले, हात लावायचा न्हाय. बाईंचं गवत हाय."

आता मी कुठंही गेले तरी पहिला फोटो एप्रिलचा दाखवते. बहुतेक साहेब दुसऱ्या फोटोपर्यंत थांबत नाहीत. हे शहाणपण मला ते काम मागताना सुचलं असतं, तर ते मिळालं नसतं आणि हिराबाईंनी वेचलेलं बी ट्रकमधून गेलं नसतं.