भावोजींची कात्री आणि ताईचं कुंपण

आमच्या भावोजींचं, म्हणजे ताईच्या यजमानांचं, केस कापायचं दुकान. माणूस सोन्यासारखा, पण कुठे काही वाढलेलं दिसलं की हात शिवशिवलेच. लग्नात भेटले तरी आधी तुमच्या कानामागे बघणार, मग ख्यालीखुशाली विचारणार.

ताईने स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर पायराकँथाचं कुंपण लावलं होतं. गुलाबाच्या कुळातलं काटेरी झुडूप. आधी पांढऱ्या फुलांचे घोस, मग त्यांचीच लालबुंद फळं. भांडी घासताना ती फळं दिसावीत, एवढीच तिची हौस. पण फुलं धरतात जुन्या फांदीवर, आणि भावोजी जुनी फांदी उरू देतील तर शपथ. दर रविवारी मोठी कात्री घेऊन कुंपण असं भादरायचे की वर चहाचा कप ठेवावा. फळ सोडा, कळीसुद्धा दिसली नाही.

ताई एकदाच म्हणाली, "राहू द्या ना थोडं."

"अगं, लोक काय म्हणतील? सलूनवाल्याचं कुंपण आणि असं झिपरं?"

झालं. ताई दुसऱ्यांदा बोलणाऱ्यातली नाही. मी असते तर कात्रीच कुलपात टाकली असती.

मग भावोजींचा खांदा आखडला. डॉक्टरांनी वर्षभर कात्री बंद केली. दुकान पुतण्याने सांभाळलं आणि भावोजी खिडकीशी बसून कुंपणाकडे बघत चरफडत राहिले. कुंपण मात्र मोकाट सुटलं. पुढच्या मोसमात असं फुललं की मधमाश्यांना जागा पुरेना. ताई तर घासलेली भांडीही परत घासायला लागली.

आणि नेमका तेव्हाच मेला खांदा बरा झाला. त्या रविवारी मी तिथेच होते. भावोजींनी कात्रीला धार लावली, तेल दिलं आणि बाहेर पडले. ताई ओट्यापाशी नुसती उभी, नळ वाहतोय. मला राहवेना.

"बोल की गं. आत्ता फुलं कापली तर यंदाही फळं नाहीत."

"एकदा बोलले होते," ती म्हणाली.

मी तावातावाने निघाले आणि दारातच थबकले. भावोजींनी कुंपणासमोर कात्री उघडली, मिटली, मग खिडकीकडे वळले. दुकानात खुर्चीवर कुणीही बसो, अगदी शेंबडं पोर का असेना, हात लावण्याआधी ते एक प्रश्न विचारतातच. घरात तो कधी विचारला नव्हता.

"कसं ठेवू?"

ताईने नळ बंद केला. इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं.

"आहे तसं," ती म्हणाली, आणि ढसाढसा रडायला लागली.