भिंतीवर 'निर्भय', बोर्डासमोर मी

"माने, लाईन द्या," साहेब दारातूनच म्हणाले. बाहेर जीप चालूच होती.

मी स्विचबोर्डासमोर उभा होतो. ओढ्याकडच्या लाईनच्या तीन जागा बोर्डावर रिकाम्या होत्या. त्यांच्याकडं बोट करून म्हणालो, "साहेब, ग्रीपा महबूबभाईंकडं हायत. ते अजून आले न्हाईत."

"माहीत आहे मला. कपाटात नवा सेट आहे ना? तो लावा."



ग्रीप म्हणजे चिनीमातीची मूठ. तिच्यात फ्यूजची तार असते. ती बोर्डावर बसवली की लाईन जिवंत, उपसून काढली की मेली. आमच्या पॉवर हाऊसमध्ये एक रिवाज होता. लाईनमन खांबावर चढायला निघाला की स्वतःच्या हातानं ग्रीपा काढायचा आणि खिशात घालून न्यायचा. काम उरकून आला की स्वतःच लावायचा. जीव त्याचा, म्हणून ग्रीपही त्याच्याच खिशात. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण सगळे पाळायचे.

नवं मराठी राज्य होऊन दोनेक वर्षं झाली असतील. उमरग्याच्या अलीकडच्या एका गावात मी ऑपरेटर होतो. पॉवर हाऊस म्हणजे पत्र्याची शेड आणि तिच्यात धडधडणारं डिझेल इंजिन. पाटणकर साहेब पुण्याकडचे, नवे, हुशार आणि उत्साही. लाईट गेली की त्यांना स्वतःचा अपमान झाल्यासारखं वाटायचं. फ्यूज जळाला की तार भरण्यात वेळ जातो, म्हणून तयार ग्रीपांचा जादा सेट त्यांनीच मागवून घेतला होता. हेतू चांगला होता. पण त्या सेटनं आमच्या रिवाजाला मागचं दार उघडलं, हे तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

त्याच वर्षी पाडव्याला साहेबांनी एक टूम काढली होती. इंजिनाला हार घातला, कडुनिंबाचा पाला आणि गूळ सगळ्यांनी खाल्ला आणि साहेब म्हणाले, "नव्या वर्षासाठी प्रत्येकानं एक शब्द निवडायचा. वर्षभर त्या शब्दाप्रमाणे वागायचं." तेलरंगाचा डबा आणि ब्रश तयारच होता. साहेबांनी स्वतः भिंतीवर पहिला शब्द लिहिला, 'अखंड'. वीज अखंड राहिली पाहिजे, म्हणून. जीपचा ड्रायव्हर गुंडाप्पा 'सबुरी' म्हणाला. त्याचं ड्रायव्हिंग बघता आम्ही सगळे हसलो. आमचे लाईनमन महबूबभाई म्हणाले, "म्या 'घर' म्हणतो साहेब. रोज सांजच्याला घरी पोचायचं, बस."

माझी पाळी आली तेव्हा मी 'निर्भय' म्हणालो. कारण उघड होतं. नोकरीच्या सुरुवातीला मला एकदा जबर झटका बसला होता. तेव्हापासून बोर्डाला हात लावताना माझी बोटं थरथरायची. महबूबभाईंना हे माहीत होतं. ते नुसते मिशीत हसले. साहेबांनी मात्र माझी पाठ थोपटली आणि शब्द मोठ्या अक्षरात काढला, बरोब्बर बोर्डाच्या वरती.

आता त्या दिवसाकडं येतो. गावाची नळयोजना पुरी झाली होती. दिवेलागणीला कलेक्टरसाहेब विहिरीवर येऊन पंपाचं बटण दाबणार होते. मांडव पडला होता. नव्या नळांपुढं बायकांनी घागरींच्या रांगा लावल्या होत्या. आणि नेमकी दुपारी वावटळ सुटली. ओढ्याजवळ बाभळीची फांदी पडून पंपाच्या लाईनची तार तुटली. महबूबभाईंनी तिन्ही ग्रीपा उपसल्या, खिशात घातल्या आणि सायकलवर शिडी टाकून निघाले. दिवस कलला तरी ते परतले नव्हते.

"साहेब, महबूबभाई येऊ द्या," मी म्हणालो.

"मी तिकडूनच येतोय. तार जोडून झालीय. महबूब खाली उतरून दोर गुंडाळत होता. जीपमधून या डोळ्यांनी पाहिलंय मी. तो सायकलवरून येईपर्यंत कलेक्टर निघून जातील!"

साहेब खोटं बोलणारा माणूस नव्हता. त्यांनी पाहिलं म्हणजे पाहिलंच असणार. मग हरकत काय? माझ्याकडं कारण नव्हतं. असलीच तर एक शंका होती, आणि शंकेला काही पाय नव्हते. 

कपाटाची चावी माझ्या करगोट्याला असायची. मी ती मुठीत धरली. वाटलं, नोकरी गेली तर खायचं काय? लगेच वाटलं, आणि महबूबभाई दुसऱ्या कुठल्या खांबावर असले तर? तारेला हात लागलेला माणूस मी पाहिला होता. तो ओरडतही नाही. दोन्हीकडून भीतीच होती. एक साहेबांची, एक त्या रिकाम्या जागांची.

"माने, ऐकू येतंय ना?"

"व्हय साहेब."

"मग?"

"साहेब, मला भ्या वाटतंय."

साहेबांनी वर भिंतीकडं बोट केलं. "तुमचा शब्द काय आहे, वाचा जरा."

"निर्भय हाय साहेब. तरी बी भ्या वाटतंय."

एरवी कुणीही हसलं असतं. साहेब हसले नाहीत. ते लाल झाले. "चावी द्या इकडं," म्हणाले. मी चावी दिली. साहेबांना अडवण्याची माझी छाती नव्हती. एवढंच म्हणालो, "ग्रीप तुमच्या हातानं लावा साहेब. माझा हात लागणार न्हाई."

त्यांनी कपाट उघडलं. कोरी पांढरी ग्रीप हातात घेतली आणि बोर्डासमोर उभे राहिले. इंजिन धडधडत होतं. माझ्या कानात त्याहून मोठी धडधड होती. मी डोळे मिटून घेतले. मग वाटलं, मिटून कसं चालेल, आणि उघडले.

साहेबांचा हात बोर्डापासून वीतभर अंतरावर थांबला होता.

जांभई जशी एकाची दुसऱ्याला लागते, तशी भीतीही लागत असावी. साहेबांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. आवाज एकदम खाली आला होता. "माने, त्या खांबाच्या पुढं अजून खांब आहेत का?"

"ओढ्यापल्याड एक हाय साहेब. बाभळीआड. रस्त्यावरनं दिसत न्हाई."

त्यांनी हात मागं घेतला. ग्रीप टेबलावर ठेवली आणि दारात जाऊन ओरडले, "गुंडाप्पा! महबूब कुठं आहे बघून या. पळवा गाडी!"

गुंडाप्पा गेला. आम्ही दोघं त्या शेडमध्ये उभे. बसायला खुर्च्या होत्या, पण बसलो नाही. साहेब एकदा म्हणाले, "खालीच होता हो तो."  मनातल्या मनात मी देवाला म्हणत होतो की मला खोटा ठरव. महबूबभाई वाटेतच सायकल मारत येऊ देत, साहेबांनी मला हवं तेवढं बोलू दे.

जीप परतली. शिडी मागं बांधलेली होती. महबूबभाई गुंडाप्पाच्या शेजारी बसले होते. गुंडाप्पाच उतरून आधी आत आला.  "साहेब, पल्याडच्या खांबावर होते. येक इन्सुलेटर फुटल्याला, तो बदलत होते. म्या हाक मारली तवा दोनी हात तारंला होते."

साहेब तेव्हा खाली बसले. खुर्चीवर नाही, कपाटाला टेकून जमिनीवरच.

महबूबभाईंना काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी खिशातून ग्रीपा काढल्या. त्या एकेक करून बोर्डावर बसवल्या आणि म्हणाले, "उशीर झाला, माफी असावी साहेब." मग त्यांची नजर टेबलावरच्या पांढऱ्या ग्रीपेकडं गेली. तिथून उघड्या कपाटाकडं गेली.  मग "या अल्ला" एवढंच म्हणून बाहेर पायरीवर जाऊन बसले. मी पाणी नेऊन दिलं. त्यांनी तांब्या घेतला, पण पाणी प्यायला त्यांना बराच वेळ लागला.

कलेक्टरसाहेबांनी मेलेलं बटण दाबलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पाणी काही आलं नाही आणि कलेक्टरांची गाडी धाराशिवला निघून गेली. ते गेल्यावर नळांना पाणी आलं. बायकांनी घागरी भरल्या. त्यांना कलेक्टरचं काही पडलं नव्हतं. पाटणकर साहेबांना मात्र वरून खुलासा विचारला गेला. त्यांनी सगळा दोष स्वतःच्या अंगावर घेतला. माझं नाव कुठं येऊ दिलं नाही. दुसऱ्याच दिवशी जादा सेट स्टोअरला परत गेला.

पुढच्या पाडव्याला साहेबांनी भिंत पांढरी करून घेतली आणि पुन्हा ब्रश घेऊन उभे राहिले. "माने, यंदाचा शब्द?"

"भीती," मी म्हणालो.

"सणासुदीला असला शब्द?" गुंडाप्पा म्हणाला.

"लिवू द्या," महबूबभाई म्हणाले. "त्यांच्या भ्यानंच तर म्या आज गूळ खातोय."

साहेबांनी लिहिला. पुढं त्यांची बदली झाली, मग माझीही झाली. सगळी नोकरी मी बोर्डापुढंच काढली. नवा ऑपरेटर रुजू झाला की मी त्याला पहिल्या दिवशी एकच विचारायचो, "करंटला भिता का?" छाती काढून "नाही" म्हणणारे पुष्कळ भेटले. त्यांना मी महिनाभर बोर्डाजवळ फिरकू दिलं नाही.