बरणीतलं स्वच्छ पेट्रोल

प्रोकोपीचं विमान उशिरा सुटतं, पण पोचतं, असं त्याच्या सायबेरियातल्या याकूत गावात सगळेच म्हणत. निम्मे कौतुकानं, निम्मे दातओठ खात. हा गडी खुशाल ऐकून घ्यायचा. "बोंबलायला जिवंत राहिलात ना? मग झालं!"

त्या जानेवारीत त्याची स्वतःची लेक अडली. तुयाराच्या पोटात मूल आडवं होतं. "माझ्या हातात काही नाही, डोंगरापलीकडे मोठ्या दवाखान्यात न्या," नर्स मार्फाबाईंनी सांगून टाकलं. तुयाराला धावपट्टीकाठच्या खोलीत शेगडीजवळ निजवलं. बाहेर थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठावी अशी थंडी.

प्रोकोपीनं विमानाच्या पोटाखालची तोटी सोडून, पाणी मिसळलंय का ते बघायला, बरणीत पेट्रोल काढलं. जावयानं, आयसेननं, बरणी उजेडाला धरली. "पाण्याचा टिपूस नाही, बाबा! चला!"

"उन्हाळ्यात म्हणाला असतास तर पाठ थोपटली असती. या थंडीत पाणी वाहतं होय रे? बर्फ होऊन आतच बसतं. वर गेल्यावर गाळणी तुंबते, इंजिन उपाशी मरतं. तेही नेमकं डोंगरावर."

"तिकडे तुमची पोरगी तळमळतेय! काळीज आहे की दगड?"

"जावईबापू, तोंड आवरा आणि गरम हवेची नळी आणा."

तेवढ्यात तुयारा किंचाळली. खड्ड्यात गेला बर्फ, उडावं झालं, असं प्रोकोपीला वाटून गेलं. पण त्यानं नळी ओढली, टाक्यांना आणि गाळणीला चांगली ऊब दिली. मग तोटी पुन्हा सोडली. बरणीच्या तळाशी बोटभर पाणी साचलं. आयसेनचा चेहरा उतरला. प्रोकोपीनं बरणी ओतली, पुन्हा भरली, पुन्हा ओतली. पाणी यायचं थांबलं तेव्हाच तो म्हणाला, "हं, आणा पोरीला."

मार्फाबाईंनी रिवाजाप्रमाणे धिरड्याचा तुकडा भुईला वाहिला आणि विमान उडालं. डोंगरावर इंजिन एकदाही अडखळलं नाही.

दवाखान्यात पोट उघडून मूल काढलं. मुलगी झाली. मायलेकी सुखरूप.

"बाबा, तुम्हाला जराही भीती नाही वाटली?" आयसेननं खालमानेनं विचारलं.

"वाटली की! तू ओरडत होतास म्हणून बरं. नाहीतर मी तिथेच रडत बसलो असतो." असं म्हणून त्यानं टोपी तोंडावर ओढली आणि दवाखान्याच्या बाकावर, येणाऱ्याजाणाऱ्यांदेखत, पोटभर रडून घेतलं.