धवल्यांच्या फ्लॉप्या

कॅम्प तीनमधल्या आमच्या छापखान्यात जयदेव कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवायचा आणि मी त्या दुमडायचो. माणूस चामटोलीचा, हाताने जलद, तोंडाने मुका. दुपारच्या सुट्टीत मात्र तो स्वतःचं काम काढायचा: बनूआत्याचे धवले, म्हणजे लग्न लावताना म्हणायची गाणी. आत्या गावची धवलारीण. ती गायल्याशिवाय तिथे लग्न लागत नसे. मरायच्या आधी तिने इथे बसून सांगितलं, याने थेट कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं. बहीण सरूचं लग्न त्याच धवल्यांनी लावायचं, हा त्याचा ध्यास. मी म्हटलं, "शहाण्या, एक कागद तरी काढून ठेव." पण छापायचं तर एकदम पुस्तकच. ऐकेल तो जयदेव कसला!

सत्त्याण्णव साली शेठला विंडोज ९५ हवं झालं. आमचं मराठी टायपिंग फक्त जुन्या विंडोजवर चालायचं. म्हणून हार्डडिस्कचे दोन भाग करून दोन्ही ठेवायचं ठरलं. भाग पाडताना आतलं सगळं पुसलं जातं. जयदेवने धवले दोन मोठ्या फ्लॉप्यांवर घेतले आणि जपून घरी नेले.

दसरा झाल्यावर त्याने डिस्क पुसली, जुनं भरलं, नवं भरलं. चालू केलं की मशीन विचारू लागलं, कोणतं उघडू? जयदेव चक्क मोठ्याने हसला. मग पाकिटातून फ्लॉपी काढली. आतली काळी चकती जिथे उघडी दिसते, नेमकं तिथेच हळदकुंकवाचं बोट. दुसरीवरही तेच, वर तांदळाचा दाणा चिकटलेला.

दसऱ्याला त्याच्या आईने, कौसाबाईने, कोयत्याशेजारी फ्लॉप्या पुजल्या होत्या. नणंद आत होती ना!

पुसून आत घातल्या, तर मशीन नुसतं घरघरलं. कॅम्पातल्या दोन रिपेरवाल्यांनी हात टेकले. आईला सांगायची जयदेवची छाती होईना. मला माय-लेकाचा, दोघांचाही राग येत होता, पण करणार काय?

तुळशीचं लग्न झालं. सरूच्या हळदीला आठ दिवस उरले, तेव्हा कौसाबाई स्वतः छापखान्यात आली. तिने मशीनच्या पडद्याला कुंकू लावलं, पुढे नारळ ठेवला.

"काढ रं आता कागद. बनूबाय कवाची वाट बघतेय."

जयदेवने मशीन चालू केलं. कोणतं उघडू, मशीनने विचारलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी एरवी तोंडाने सगळ्या गल्लीला पुरून उरणारा. मान खाली घालून सरूच्या पत्रिका दुमडत राहिलो.